दिवाळी, दोन पोरं आणि गवळ्यांच्या म्हशी

दसरा चौकातनं सोनं लुटून घरी येईपर्यंत थोरलीचं सुरू झालेलं असतं, किल्ला कधी, किल्ला कधी, आणि मग वीस दिवस घरात दुसरा विषय नाही. थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीचचा. माझं माहेर नाशिकचं आणि आमच्या गल्लीत तिकडं किल्ला वगैरे कुणी करत नव्हतं, दिवाळी म्हणजे फराळ, नवे कपडे आणि मामाच्या घरी लोळणं. लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले तेव्हा पहिल्या दिवाळीत बघितलं की चांगली मोठी मोठी माणसं, मिशा असलेली, रात्री अकराला चिखलात हात घालून बुरूज थापत बसल्यात, आणि मला वाटलं हे काय चाललंय. आता मीच माती चाळून देते.

आमचा किल्ला दरवर्षी पन्हाळाच असतो. इथून वीसेक किलोमीटरवर, त्यामुळं पोरांना तो खरा माहीत आहे, म्हणजे तीन दरवाजा माहीत आहे आणि त्याहून जास्त तिथलं भाजलेलं कणीस माहीत आहे. अंबरखाना दाखवला, गंगा-यमुना-सरस्वती अशी तीन कोठारं आहेत, केवढं धान्य मावत असेल बघ म्हटलं, तर थोरलीनं घरी येऊन बुटांचे तीन खोके मागून घेतले आणि किल्ल्यात गाडले. त्यात खरे तांदूळ भरले. मग त्या तांदळाला मुंग्या लागल्या ते वेगळं. 2025 च्या जुलैमध्ये पन्हाळा बाकीच्या अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून तर आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, भाव फारच वाढलाय. बुरूज जरा वाकडा झाला की म्हणतात, "नीट करा रं, जागतिक वारसा हाय त्यो."

आबाच किल्ल्यासमोर बसून पोरांना सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट सांगतात, 1660 चा जुलै, धो धो पाऊस, महाराज रात्री निघाले विशाळगडाकडं आणि बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली. ते ऐकल्यावर थोरलीला नुसता पन्हाळा पुरेना, विशाळगड पण पाहिजे आणि मधली वाट पण पाहिजे, त्यामुळं आमचा किल्ला आता जिन्याखालनं निघून स्कूटरच्या जागेपर्यंत गेलाय आणि नवऱ्याची स्कूटर पंधरा दिवस शेजाऱ्यांच्या दारात. धाकटा दिवसातनं चार वेळा तटबंदीवर बसतो म्हणून त्याचं नाव घरात सिद्दी जौहर पडलंय. परवा पाहुण्यांसमोर त्यानं स्वतःचं नाव तेच सांगितलं.

मावळे आम्ही कुंभार गल्लीतनं आणतो, दर वर्षी थोडे नवे, थोडे जुने हात तुटलेले. महाराज मात्र तेच, नवऱ्याच्या लहानपणचे, रंग तेवढा नवा. आणि अळीव पेरायला विसरायचं नाही, भिजवून ओल्या मातीवर नुसते पसरायचे, चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. मोहरीपण चालते पण अळिवाची मजा वेगळी, लवकर उगवतात त्यामुळं पोरांचा धीर तेवढा टिकतो. एका डोंगरावर हिरवा डायनासोर आहे. त्याच्यावर चर्चा होऊ शकत नाही, तो टेहळणीला आहे.

मला एक गोष्ट या पोरांमुळं कळली, की सण कसा करायचा याचं शास्त्र सासूबाईंपेक्षा सहा वर्षांच्या पोरीकडं जास्त कडक असतं. सासूबाई म्हणतात, जमंल तसं कर. थोरली म्हणते, "मागच्या वर्षी आपण असं केलं होतं की." बस, विषय संपला! एकदा कधीतरी गडबडीत केलेली गोष्ट तिच्या डोक्यात कायमची बसते. नरक चतुर्दशीचं बघा. एका वर्षी पहाटे अभ्यंगस्नान चालू असताना गॅस संपला, दुसरी टाकी भरलेली नाही, फराळ डब्यात होता पण चहा नाही, दूध गरम नाही, दोन्ही पोरं रडायला लागलेली, तर नवरा सगळ्यांना घेऊन अंगाला उटण्याचा वास येत असतानाच मिसळ खायला गेला. गल्लीच्या तोंडाशी एक मिसळवाले उघडे होते. पोरांनी कट न घालता फरसाण आणि ब्रेड खाल्ला, वर दही. झालं, पुढच्या वर्षी गॅस होता, चहा होता, सगळं होतं, आणि थोरली नवा फ्रॉक घालून दारात उभी, मिसळ कुठाय? आता आमच्याकडं नरक चतुर्दशीला पहाटे मिसळ असते. सासूबाई पण येतात. आधी नाकं मुरडली त्यांनी, आता त्याच विचारतात तर्री जास्त मागू का म्हणून.

बाकी त्या पहाटेचं सगळं रीतसर. तेल, उटणं, डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं. धाकट्यानं गेल्या वर्षी कारीट फोडल्यावर अंगठा चाटून बघितला आणि त्याचं तोंड जे झालं त्याचा व्हिडिओ आमच्या सगळ्या नातेवाईकांच्या फोनमध्ये आहे. यंदा त्याला कारीट लांबनं दाखवलं तरी तो पळत होता.

फराळाबद्दल काय सांगू. चकली आणि अनारसे मी बाहेरनं घेते, बचत गटाच्या बायका भारी करतात, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. नोकरी, पोरांचे डबे, शाळेची रिक्षा, रात्री दोनदा उठणं, यात चकलीची भाजणी बसत नाही. शंकरपाळ्या मात्र घरी, कारण त्या पोरांना करता येतात. कातणं धाकट्याच्या हातात द्यायचं आणि बाजूला व्हायचं. ज्या शंकरपाळ्या निघतात त्यांना आकार नसतो आणि रंगही जरा करडाच असतो, त्या वेगळ्या तळून वेगळ्या डब्यात ठेवायच्या, आणि ज्यानं केल्या त्याच्या आजोबांनी खायच्या. आबा खातात, आवडीनं.

लक्ष्मीपूजन पटकन होतं आमच्यात. नवी केरसुणी, लाह्या, बत्तासे, आरती. बत्तासे आरतीच्या आधीच संपू नयेत म्हणून ते वरच्या फळीवर ठेवावे लागतात एवढंच. फटाक्यांना धाकटा घाबरतो त्यामुळं आमच्याकडं फुलबाज्या आणि भुईचक्र, बस, आणि खरं सांगू का मला ते बरंच वाटतं.

पण मला विचाराल कोल्हापूरच्या दिवाळीत सगळ्यात भारी काय, तर म्हशी! पाडवा-भाऊबीजेला इथले गवळी आपल्या म्हशी सजवून बाहेर काढतात. शिंगं रंगवलेली, त्यावर मोरपिसं आणि गोंडे, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात घुंगरू, आणि काळ्याभोर अंगावर केस कातरून नक्षी काढलेली. आधी वाजतगाजत मिरवतात आणि मग मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं पळते, दोरी नाही काही नाही, नुसत्या हाकेवर. गाडीचा सायलेन्सर काढलेला असतो त्यामुळं आवाज असा की पोटात धडधडतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं म्हैस बिथरली आणि मी भिंतीला चिकटले, शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं काय करत नाय, शिकवलेली हाय ती." म्हैस म्हणजे रस्त्यात बसणारी, हॉर्न दिला तरी ढिम्म न हलणारी अशी माझी समजूत होती. ती अशी शेपूट वर करून धावताना बघणं म्हणजे नाद खुळा.

फटाक्याला घाबरणारा आमचा धाकटा त्या सायलेन्सरला कसा घाबरत नाही हे मला कळलेलं नाही. नवऱ्याच्या खांद्यावर बसून तो "म्हस! म्हस!" करून ओरडत असतो, आणि पुढचा महिनाभर घरात हाच खेळ, थोरली तीनचाकी सायकलवर पुढं आणि हा मागं रांगत, डोक्याला माझ्या ओढणीचे गोंडे बांधून. तोंडानं सायलेन्सर चालूच. वर्षभरसुद्धा पोरांची म्हशींशी ओळख असते म्हणा, संध्याकाळी मिरजकर तिकटीला किंवा गंगावेशीत दूध कट्ट्यावर गवळी समोर धार काढून ग्लास भरून देतात, फेसासकट. आबा पोरांना घेऊन जातात. थोरली पिते आणि मिशा तशाच ठेवून घरी येते. धाकट्याला मी न उकळलेलं दूध देत नाही, आबा काय म्हणायचं ते म्हणोत, त्यांचं म्हणणं असं की आमच्या घरातली सगळी पोरं कट्ट्यावर वाढलीत, माझं म्हणणं असं की ताप आला की रात्रभर मी जागते.

भाऊबीज झाली की गोडाचं नाव काढायचं नाही. आत्या येते, ओवाळणं होतं, धाकटा ताटातली सुपारी तोंडात घालायला बघतो, आणि दुसऱ्या दिवशी घरात मटण. मोठ्यांना तांबडा-पांढरा, पोरांना आळणी. इथं तिखट न घालता शिजवलेल्या मटणाचं नुसतं पाणी असतं ते आधी बाजूला काढतात आणि लहान पोरांना भातावर घालतात. थोरली यंदा पांढऱ्या रश्श्यावर आली. तिनं स्वतः वाटी पुढं केली, एक घोट घेतला, डोळ्यात पाणी, पण वाटी खाली ठेवली नाही.

किल्ला तेव्हाही जागेवरच असतो. मोडायचा म्हटलं की रडारड, आणि सासूबाईंना अंगणात तुळशीचं लग्न लावायचं असतं, त्यामुळं तोडगा असा निघालाय की मावळे वऱ्हाडी. तुळशीभोवती रांगेत उभे करायचे, महाराज पाटावर, ऊस मधे, अंतरपाट धरायला आत्या आणि मी, आणि मंगलाष्टकं चालू असताना डायनासोर कुठल्या बाजूचा यावर भांडण. यंदा तो मुलीकडचा होता.

आणि मग त्रिपुरारी पौर्णिमा, तेव्हा पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लावतात. लोक म्हणतात लहान पोरं असताना पहाटे चारला कसं जाता. अहो, आमच्याकडं चारला कुणीतरी उठलेलं असतंच! उलट रात्रीचा कुठला कार्यक्रम आम्हाला जमत नाही, हा एकच जमतो. फक्त जाणार असाल तर गाडी अलीकडंच लावा, पुढं गर्दीत वळवता येत नाही, पोरांना कानटोपी घाला, नदीकाठी गारवा असतो, आणि अडीच वर्षांच्या पोराला एक हात कुणाचातरी कायम पाहिजे, कारण पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना पणत्या असतात आणि त्याला प्रत्येक फुंकायची असते, वाढदिवस असल्यासारखी.