तुम्ही विचारलंत म्हणून : चिनी माणूस, येशू आणि उदबत्ती

चीनचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, "तिकडे देवच मानत नाहीत ना? मग ख्रिस्ती लोकांचा राग असेल त्यांना." दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवतो, आणि दरवेळी चुटपुट लागते. म्हणून आता नीट सांगतो.

"तुमचा धर्म कोणता?" असं विचारलं तर दहातले नऊ चिनी "कुठलाच नाही" म्हणतात. पण 2018 च्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी वर्षातून एकदा तरी घरच्यांच्या कबरीवर जातो असं सांगितलं. कबरींना भेट देण्याचा छिंगमिंगचा सण 4 किंवा 5 एप्रिलला येतो. कबरीवरचं गवत उपटायचं, दगडावरची पुसट अक्षरं रंगवायची, फळं आणि दारूचा पेला ठेवायचा, उदबत्त्या लावायच्या, कागदी नोटा जाळायच्या आणि गुडघे टेकून डोकं जमिनीला लावायचं. याला ते धर्म समजत नाहीत. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढणारे नास्तिक असतात, तसंच हे.

देवळातही कारणापुरतं जातात: परीक्षा, नोकरी, मूल. देव पावला की झालं. एकाच देवाला धरून राहा असं कोणी सांगत नाही. त्यामुळे शेजारीण चर्चला जाते म्हटल्यावर सर्वसाधारण उत्तर येतं, "चांगलं आहे, सगळे धर्म चांगलंच शिकवतात." शहरातली तरुण मुलं नाताळच्या आदल्या रात्री एकमेकांना रंगीत कागदात गुंडाळलेलं सफरचंद देतात, येशूशी काही देणंघेणं नसताना. यात राग कुठे आहे?

गाडी अडते ती मुलगा बाप्तिस्मा घेऊन पुढच्या छिंगमिंगला उदबत्ती नाकारतो तेव्हा. बरेच प्रोटेस्टंट पाळक सांगतात, फुलं वाहा, उभ्यानं मान लववा, मनात प्रार्थना करा. उदबत्ती आणि कागद नको. फुलं घरच्यांना चालतात. थोरल्या मुलानं गुडघे न टेकणं चालत नाही.

हे भांडण जुनं आहे, आणि माझ्या मते सगळं त्यातच अडकलंय. मातेओ रिची हा जेझुइट संघाचा कॅथलिक पाद्री आधी गोव्यात शिकला, 1582 मध्ये मकावला गेला, 1601 मध्ये बीजिंगला पोचला. पूर्वजांना उदबत्ती लावणं हा आदर आहे, पूजा नव्हे, अशी त्याची भूमिका होती. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघांच्या पाद्र्यांना ती मूर्तिपूजा वाटली. चीनच्या खांगशी बादशहानं 1692 मध्ये ख्रिस्ती उपासनेला मोकळीक दिली होती, त्याला स्वतःला या धर्माबद्दल कुतूहल होतं. पण फूच्येन प्रांतातल्या मेग्रो या कॅथलिक पाद्र्यानं 1693 मध्येच आपल्या भागात हे विधी बंद केले. 1706 मध्ये बादशहानं त्याला समोर बोलावून सिंहासनावरची चार अक्षरं वाचायला सांगितली. त्याला ती धड वाचता आली नाहीत. ज्याला आमची अक्षरं येत नाहीत तो आमचे विधी काय तपासणार, हा बादशहाचा संताप मला आजही रास्त वाटतो. रोमनं, म्हणजे पोपनं, मात्र 1704 मध्येच विधींविरुद्ध निर्णय दिला होता, 1715 मध्ये तो आणखी कडक केला. 1721 मध्ये खांगशीनं धर्मप्रचारावरच बंदी घातली. रोमनं कॅथलिकांना हे विधी चालतील म्हणायला 1939 साल उजाडलं.

मधल्या काळात मिशनरी परतले ते अफूच्या युद्धांत हरलेल्या चीनवर परक्यांनी लादलेल्या तहांची कलमं घेऊन. त्यातूनच पुढे "एक ख्रिस्ती वाढला, एक चिनी घटला" हे वाक्य रुजलं. परकेपणाचा तो डाग अजून पुरता गेलेला नाही.

सरकारचा जाच खोटा आहे असं मी म्हणत नाही. कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्याला कुठलाही धर्म पाळता येत नाही, 2018 पासून ऑनलाइन दुकानांतून बायबल गायब आहे, 2014 मध्ये वनचौ शहराजवळचं सानच्यांग चर्च जमीनदोस्त केलं. पूर्वी मी एवढंच सांगून थांबायचो. तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, "तू आता सरकारला सोडून कुटुंबाला दोषी ठरवतोयस." या आरोपाला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

कारण उदबत्तीच आड येते म्हणावं, तर सरकारनं 2018 मध्ये दिलेले आकडे उलट बोलतात. उदबत्तीची मुभा मिळालेले कॅथलिक सुमारे 60 लाख, आणि ती नाकारणारे प्रोटेस्टंट 3.8 कोटी. हनान प्रांतातल्या खेड्यांत तर घरातलं आजारपण प्रार्थनेनं बरं झालं म्हणून घरंच्या घरं चर्चला जाऊ लागली. तिथे पावला तो येशू, आणि त्याच्यासाठी त्यांनी उदबत्ती सोडली.