बाराशे मीटरचं खेळणं

मुखपृष्ठाचं चित्र द्यायला एकच दिवस उरला होता आणि सकाळीच संपादकांचा फोन. "यान सुरेख झालंय हो, पण मोठं वाटत नाही. सेल घालून चालवायचं खेळणं वाटतंय."

कथेतलं यान १२०० मीटर लांब. तीन आठवडे मी त्याच्या पाठीवर पाइप, झडपा, जाळ्या, डबे चिकटवत बसलो होतो. आमच्यात या बारीकसारीक तुकड्यांना ग्रीबल म्हणतात. १९७०च्या दशकात सिनेमांसाठी यानांची मॉडेलं करणारे कारागीर रणगाड्यांच्या आणि युद्धनौकांच्या प्लास्टिक किटमधले भाग काढून डकवायचे. प्रकार तोच, फक्त डिंकाऐवजी माउस. यान लहान दिसतंय म्हणजे ग्रीबल कमी पडले, अशी माझी ठाम समजूत. दुपारपर्यंत आणखी ठासले. यान आणखी लहान दिसायला लागलं.

वैतागून एक खिडकी निवडली आणि तिचं माप पाहिलं. उंची १४ सेंटिमीटर. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये यान मी सोयीसाठी १२ मीटरचं केलं होतं, शंभरपट लहान. म्हणजे कथेतल्या यानाला १४ मीटर उंच खिडक्या! चार मजली इमारत आरपार जाईल अशा, आणि ओळीने चाळीस. मग बाकीचंही तपासलं. कडांची गोलाई, म्हणजे बेव्हल, २ सेंटिमीटर. खऱ्या मापात २ मीटर. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी. कॅमेऱ्याच्या लेखी समोर १२ मीटरची वस्तू होती, त्यामुळे नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर. जवळून काढलेल्या छोट्या वस्तूंचे फोटो असे येतात, आणि डोळा हे बरोबर ओळखतो. संपादकांना बेव्हल काय ते ठाऊक नसेल, पण त्यांचा डोळा चुकला नव्हता.

सगळं निवडून शंभरपट वाढवलं, तर इंजिनं गायब! फाइल गेली असं वाटून घाम फुटला. पाच मिनिटांनी उजेड पडला: मी नाकापाशी होतो आणि व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करताना यान दिसतं ती चौकट, १००० मीटरपलीकडचं दाखवतच नव्हता. मर्यादा वाढवली, शेपूट परत आली. स्केल अप्लाय केल्यावर, म्हणजे वाढवलेलं माप पक्कं केल्यावर, बेव्हल खरोखरचे २ सेंटिमीटर झाले आणि यान कागदातून कापल्यासारखं दिसू लागलं. शेवटी ४० सेंटिमीटरवर कडांना जेमतेम चमक आली.

त्यानंतरचं काम जिवावर आलं होतं. तीन आठवड्यांचे ग्रीबल निम्म्याहून जास्त पुसले. इंजिनांपाशी दाटी ठेवली, बाकी पाठ मोकळी सोडली. उष्णता बाहेर टाकणारे पंख मात्र हट्टाने राखले. निर्वात पोकळीत हवा नाही, उष्णता जाणार ती फक्त प्रारणाने; ज्या यानाला रेडिएटर नाही ते माझ्या मते आतल्या आत शिजतं. खिडक्या एक मीटरच्या केल्या, त्यांचे नुसते ठिपके झाले.

स्टुडिओसारखे लावलेले तिन्ही मऊ दिवे विझवले आणि एकच सूर्य ठेवला, पृथ्वीवरून दिसतो तसा जेमतेम अर्ध्या अंशाचा. त्याच्या उजेडात जवळच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या पडतात, पण ३०० मीटर अंतरावरच्या पंखाची सावली यानावर पडते तेव्हा तिची कड जवळजवळ तीन मीटर विरघळलेली असते. ती कड पडद्यावर उमटली तेव्हा पहिल्यांदा ते यान मला अवाढव्य वाटलं.

एका उघड्या दाराशी स्पेससूट घातलेला माणूस उभा केला. चित्रात यानाची लांबी ३००० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला ४० सेंटिमीटर. माणूस भरला साडेचार पिक्सेल. रात्री रेंडर झालं, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र काढलं, तर तो नाहीच! चित्रातले रवाळ ठिपके पुसणाऱ्या डीनॉइझरने त्याला तसाच एक ठिपका समजून पुसून टाकलं होतं. मग तेवढा चौकोन डीनॉइझर बंद करून, सॅम्पल (दर पिक्सेलमागे मोजले जाणारे प्रकाशकिरण) वाढवून पुन्हा रेंडर केला आणि वर जोडला. पहाटे फाइल पाठवली.

दहा वाजता संपादकांचा फोन. "आता दिसतंय हो खरं यान. फक्त त्या दाराशी पांढरं काहीतरी आहे. छपाईत डाग वाटेल, काढता का?"

"तो माणूस आहे," म्हटलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, "राहू द्या."