तुम्ही विचारलंत म्हणून: सही येते की, मग वर्ग कशाला?

वस्तीत आमची संस्था साक्षरता वर्ग चालवते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "अहो, या बायकांना सही येते की! साठीला आल्यावर आणखी काय शिकवताय?"

सही येते, म्हणूनच शिकवते.

अंगठ्याचा निदान एक शिरस्ता आहे. कागदावर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहितात, साक्षीदार घेतात, मजकूर वाचून दाखवायचा असतो. दाखवतातच असं नाही, पण विचारायला जागा राहते. सही ठोकली की ती जागाच संपली. वाचूनच केली असणार, असं सगळे धरून चालतात. वर्गातल्या एक मावशी अशाच कर्जाच्या गटात शेजारणीला जामीन राहिल्या. त्यांना वाटलं, हजेरीची सही चाललीय. हप्ते थकल्यावर वसुलीवाला यांच्या दारात.

त्यांची सही सुरेख आहे. पण त्याच नावातली अक्षरं सुटी करून समोर ठेवली, तर एक ओळखता येईना. रांगोळी काढावी तशी ती सही काढलेली. जनगणनेत सात वर्षांपुढचा, समजून वाचता-लिहिता येणारा माणूसच साक्षर धरतात. 2011 साली महाराष्ट्रात असे 82 टक्के होते, बायकांत 76 च्या आसपास. ही माहिती घरातलं कुणीतरी तोंडी देतं, त्यामुळे त्यात नुसत्या सहीवाल्या किती घुसल्या असतील, याची मला शंकाच आहे.

सुरुवात आम्ही अ-आ-इपासून करत नाही. ग, म, भ, न घेतो. वळणं सोपी, आणि 'मन', 'गगन' लगेच वाचता येतं. आकडे बहुतेकींना येतातच, नोटांनी आणि मोबाइलने ते काम आधीच करून ठेवलंय. घोडं अडतं जोडाक्षरांपाशी. आणि कर्जाचे कागद नेमके त्यांनीच खच्चून भरलेले! म्हणून हल्ली पुस्तक बाजूला सारून पैसे काढायची स्लिप, रेशनची पावती, गटाचं पासबुक हेच वाचतो.

केंद्र सरकारच्या 'उल्लास' या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची 150 गुणांची परीक्षा असते: वाचन, लेखन, अंकज्ञान प्रत्येकी 50. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर द्यावी. मावशींना प्रमाणपत्राचं काही पडलेलं नाही. त्यांनी आल्या आल्याच सांगितलं होतं, "मला 'जामीनदार' तेवढं ओळखायला शिकवा, बाकीचं सावकाश."

तो शब्द पटकन जमला, त्यात जोडाक्षर नाही. 'संयुक्तरीत्या'शी अजून झटापट चालू आहे.