सुट्टीतले संशोधन आणि खानदेशातले गोठे

ब्रिटनमध्ये १९२६ साली मेजर चार्ल्स ह्यूम यांनी लंडन विद्यापीठात प्राणिकल्याणासाठी एक संस्था स्थापन केली. पुढे तिचे नाव ‘युनिव्हर्सिटीज फेडरेशन फॉर अ‍ॅनिमल वेल्फेअर’ असे झाले. जनावरांविषयी कळवळा हवाच, पण त्यांना नेमका कशाचा त्रास होतो आणि तो कशाने कमी होतो हे अभ्यासानेच ठरवावे लागते, ही या संस्थेची पहिल्यापासूनची भूमिका आहे. प्रयोगशाळेतील प्राण्यांची संख्या आणि वेदना कमी कशी करता येईल, या प्रश्नावर तिने विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन संशोधकांना काम दिले. त्यांनी १९५९ साली मांडलेली पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि पद्धत सुधारणे ही तीन तत्त्वे आज जगभरच्या प्रयोगशाळांत मानली जातात. हीच संस्था पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राणिकल्याणावर छोटे संशोधन करता यावे म्हणून शिष्यवृत्ती देते. विद्यार्थ्याने एक प्रश्न निवडायचा, मार्गदर्शक शोधायचा, काही आठवडे निरीक्षण करायचे आणि अहवाल द्यायचा, असे तिचे साधे स्वरूप आहे.

मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. अशी शिष्यवृत्ती खानदेशातील मुलामुलींना मिळावी, असे मला फार मनापासून वाटते आणि त्याचे एक कारण माझ्या विषयातच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन थांबवण्याचे निर्देश दिले. तो निर्णय योग्यच होता. मात्र विच्छेदनाच्या जागी जिवंत प्राण्याचे शिस्तबद्ध निरीक्षण यायला हवे होते, ते फारसे आले नाही. त्यामुळे घरी गाय, म्हैस, शेळ्या असलेला विद्यार्थी बेडकाच्या रक्ताभिसरणाची आकृती अचूक काढतो, पण दावणीला बांधलेल्या म्हशीचा श्वास दुपारी किती वाढतो, हे मोजण्याची वेळ त्याच्यावर पदवी मिळेपर्यंत येत नाही.

हे श्वास मोजणे वाटते तितके किरकोळ नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ओढकाम आणि ओझेवाहू जनावरांसाठी १९६५ साली नियम करण्यात आले. त्यांनुसार जनावराला दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक राबवता येत नाही, तसेच तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला कामाला जुंपता येत नाही. आता खानदेशाचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणावा. जळगावात, भुसावळात, रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जाण्याचे कोणाला नवल वाटत नाही आणि ३७ अंशांची रेषा दुपार होण्याआधीच ओलांडली जाते. अशा दिवशी बैलाने सकाळी किती वाजेपर्यंत काम करावे, त्यानंतर त्याचा श्वास पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो, पत्र्याच्या गोठ्यात आणि निंबाच्या सावलीत बांधलेल्या जनावरांत काय फरक दिसतो, म्हशीच्या कातडीत गाईच्या मानाने घर्मग्रंथी कमी असल्याने तिच्या अंगावर किती वेळा पाणी मारावे लागते, हे सगळे प्रश्न एका विद्यार्थ्याला सुट्टीत हाताळता येण्यासारखे आहेत. साधने म्हणावी तर कोरडा-ओला तापमापक (हवेचा दमटपणाही कळवणारा), घड्याळ आणि वही. जनावराच्या कुशीची हालचाल पाहत मिनिटाला श्वास मोजायचे, दर तासाला नोंद करायची आणि जनावराला हातही लावायचा नाही. मिळालेली आकडेवारी चोपड्याच्या किंवा यावलच्या शेतकऱ्याला थेट उपयोगी पडेल, कारण ती त्याच्याच गोठ्यातली असेल.

विषयांचा येथे तोटा नाही. २०२२ च्या साथीत जनावरांच्या लम्पी चर्मरोगाचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळला. तेव्हा दगावलेल्या जनावरांची गणती झाली, पण बऱ्या झालेल्या जनावरांची चाल, भूक आणि दूध यांचे पुढे काय झाले, हे गोठ्यागोठ्यांत जाऊन विचारण्याचे काम आजही करण्याजोगे आहे. देशातील पहिला बर्ड फ्लू २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला सापडला आणि २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा आला. या दोन्ही वेळी पक्षी मोठ्या संख्येने मारावे लागले. शेडमधील गर्दी, हवा आणि पाणी यांचा अभ्यास नवापूरइतका अन्यत्र क्वचितच निकडीचा असेल. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत दूरदूरहून येणाऱ्या घोड्यांना प्रवासानंतर पाणी आणि विश्रांती कितपत मिळते, हा आणखी एक प्रश्न. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांचा प्रश्न तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

परंतु चांगला विषय सुचला म्हणजे संशोधन होत नाही. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सुट्टी म्हणजे मजुरीचे दिवस. दिवाळीत कापूस वेचणी असते, उन्हाळ्यात केळीच्या बागेतील कामे किंवा गाडीत माल भरणे असते, आणि त्या पैशांतून पुढच्या सत्राचे शुल्क व बसचा पास निघतो. त्यांना ‘अनुभव मिळेल’ एवढ्या आश्वासनावर सहा आठवडे गोठ्यात वही घेऊन बसवणे अन्यायाचे आहे. शिष्यवृत्तीचे पैसे हे त्या बुडणाऱ्या मजुरीचे पैसे आहेत. ते दिले नाहीत, तर ज्यांना घरून पैसे मिळतात तेच संशोधन करतील आणि ज्या मुलीला गोठ्यातले सगळे कळते ती वेचणीला जाईल. वैद्यकीय शाखेत ही गोष्ट केव्हाच मान्य झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, पण त्या पीएच.डी.साठी. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील मुलाला हाती धरणारे या क्षेत्रात कोणी नाही.

माणसांनाच पुरेसे नाही, तेथे जनावरांच्या सुखदुःखाचे संशोधन कशाला, असे मला सहकाऱ्यांनीही विचारले आहे. हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण खानदेशातील कोरडवाहू कुटुंबात खांदेसूज आलेला बैल म्हणजे पेरणीच्या वेळी भाड्याने घ्यावी लागणारी जोडी, आणि उष्म्याने आटलेली म्हैस म्हणजे डेअरीचा बुडालेला हप्ता. जूचा आकार, शिवळांमधील (जूच्या खुंट्यांमधील) अंतर आणि खांद्यावरील जखम यांचा संबंध तपासणारा विद्यार्थी त्या कुटुंबाचेच काम करत असतो. आणि समजा, पैशांचा काहीच संबंध नसता, तरी आयुष्यभर आपल्यासाठी राबणाऱ्या जिवाला कोठे दुखते हे जाणून घेणे आपल्यावर बंधनकारकच राहिले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षातून एक दिवस पोळ्याला खांदे मळणे एवढ्याने ते पूर्ण होत नाही.

अशी शिष्यवृत्ती विद्यापीठाने, एखाद्या दूध संघाने किंवा माजी विद्यार्थ्यांनी मिळून सुरू केली, तर काही अटी मी आग्रहाने सुचवीन. अर्ज दोन पानांचा असावा आणि मराठीत चालावा. मुलाखती अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत घेण्याची मोकळीक असावी, कारण शेतकरी जनावराविषयी खरे बोलतो ते घरच्या भाषेत. मार्गदर्शकांत एक पशुवैद्यक असावा. ज्या गोठ्यात नोंदी होतील, त्याच्या मालकाची संमती आधी घ्यावी, त्याचे नाव अहवालात येऊ नये आणि कारवाईसाठी त्या नोंदी कोणालाही दिल्या जाऊ नयेत. अन्यथा पुढच्या वर्षी कोणी दार उघडणार नाही. पैशांचा पहिला हप्ता सुट्टी लागण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावा आणि शेवटचा हप्ता, अहवालाचा सारांश त्या त्या शेतकऱ्याला वाचून दाखवल्यानंतरच मिळावा.