रॉबर्टाबाईंची लय

माझी लय पळते. पंचवीस वर्षं शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्यावर हे कबूल करायला आता कुणाची भीती नाही. समूहगीत बसवताना मुलं पळायची आणि मी त्यांना ओरडायचे, पण पेटीवर पळत मीच असायचे. पहिलं कडवं ठरल्या लयीत, दुसरं जरा चढं, आणि शेवटचं सगळे मिळून गाडी पकडायला निघाल्यासारखं.

त्यामुळेच असेल, रॉबर्टा फ्लॅक माझ्या डोक्यातून जात नाही. सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचा एक भावपूर्ण गानप्रकार) गाणारी, पियानो वाजवणारी ही अमेरिकन बाई इतकं सावकाश गाते की पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, फोनच अडकला. मी तिला मनातल्या मनात ‘रॉबर्टाबाई’ म्हणते. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. प्रसिद्ध होण्याआधी ती खरोखरच शाळेत शिकवायची, आणि ते तिच्या गाण्यात ऐकू येतं असा माझा दावा आहे. वर्ग शांत होईपर्यंत फळ्याकडे न वळणाऱ्या काही बाई असतात ना, त्यांच्यातली ती.

जन्म 10 फेब्रुवारी 1937, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन या गावी. वाढली मात्र व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, वडील स्वतःच्या कानावर पियानो शिकलेले. रॉबर्टा नऊ वर्षांची असताना या वडिलांनी भंगारात पडलेला एक जुना उभा पियानो घरी आणला, दुरुस्त केला आणि हिरवा रंगवला. हिरवाच का, देव जाणे. घरात जो रंग उरला असेल तो, असा माझा अंदाज. पण माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र पक्कं बसलंय: काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि भोवती हिरवा डबा. या पियानोकडे शेवटी परत यायचंय, म्हणून तो लक्षात ठेवा.

मुलगी हुशार निघाली, नुसती हुशार नाही, अफाट. पंधराव्या वर्षी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात संगीतासाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. व्हायचं होतं अभिजात पाश्चात्त्य संगीतातली पियानोवादक; बाख, शोपँ वाजवत मोठमोठ्या सभागृहांत बसायचं. पण 1950 चं दशक, वर्णभेदाची अमेरिका. कृष्णवर्णीय मुलीला त्या व्यासपीठावर कोण बसू देणार, त्यापेक्षा शिक्षिका हो, असा सल्ला विद्यापीठातच मिळाला. तिने विषय बदलून संगीतशिक्षण घेतलं. विशीच्या आत पदवी हातात होती. पुढे शिकायचं मनात होतं, तेवढ्यात वडील गेले आणि नोकरी धरावी लागली.

इथून पुढे ती माझ्यासाठी बाई.

नॉर्थ कॅरोलायनातल्या फार्मव्हिल नावाच्या छोट्या गावात बाईंनी संगीत शिकवलं, इंग्रजीही शिकवलं. (संगीताच्या शिक्षकाला दुसरा विषय चिकटवायची पद्धत जगभर आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.) नंतर वॉशिंग्टनच्या शाळा. बरीच वर्षं हेच: दिवसा वर्ग, संध्याकाळी पियानो. जॉर्जटाउनमधल्या एका रेस्टॉरंटात ऑपेरा गाणाऱ्यांना त्या पियानोची साथ करायच्या. मध्यंतर झालं की मागच्या खोलीत स्वतःच्या पियानोवर ब्लूज, लोकगीतं, लोकप्रिय गाणी म्हणायच्या. पुढच्या खोलीत साथीदार, मागच्या खोलीत गायिका.

साथीचं काम ज्याने केलंय त्यालाच या वर्षांची किंमत कळेल. साथीदाराला सगळ्यात आधी शिकायचं असतं ते न वाजवणं. गवई श्वास घेतोय, तिथे बोट उचलायचं. त्याने जागा मोकळी सोडली तर ती भरायची नाही, ती त्याची आहे. मी हे आयुष्यभर अर्धवट शिकले. बाई पुरतं शिकल्या, आणि मग स्वतःच गायला लागल्यावर स्वतःलाच तशी साथ करू लागल्या. गाताना हात जवळजवळ गप्प, दोन ओळींच्या मध्ये एखादा कॉर्ड (एकदम वाजवलेले काही स्वर), आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबणं. गाणारीला आणि वाजवणारीला एकमेकींचा श्वास ठाऊक असतो, कारण छाती एकच असते.

ज्या गायन-शिक्षकांकडे त्या शिकत होत्या त्यांनीच सुचवलं की अभिजातपेक्षा लोकप्रिय संगीतात तुझं भविष्य जास्त उजळ दिसतंय. असं शिष्याला तोंडावर सांगणारा गुरू मिळणं कठीण, आणि ते ऐकणारी शिष्या त्याहून कठीण. 1968 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागात ‘मिस्टर हेन्रीज’ या ठिकाणी बाई नेमाने गाऊ लागल्या. गर्दी इतकी व्हायला लागली की मालकाने वरच्या मजल्यावर खास त्यांच्यासाठी खोली करून घेतली. तिथेच जॅझ पियानोवादक लेस मॅकॅनने त्यांना ऐकलं आणि अटलांटिक रेकॉर्ड्सपर्यंत नेलं. निर्माता जोएल डॉर्नसमोरच्या चाचणीत तीन तासांत बेचाळीस गाणी झाली. शिक्षकी पेशाची तयारी म्हणतात ती ही.

पहिला अल्बम, ‘फर्स्ट टेक’, 1969 चा. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जेमतेम दहा तासांत ध्वनिमुद्रित झाला. बास या खर्जातल्या तंतुवाद्यावर रॉन कार्टर, गिटारवर बकी पिझरेली, म्हणजे संगतीला मातब्बर मंडळी. बाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. आणि झालं काय? फारसं काही नाही. अल्बम आला, जाणकारांनी वाहवा केली, पण गाणी घराघरांत पोचली नाहीत. दोन-अडीच वर्षं तशीच गेली.

त्या अल्बममध्ये ‘द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस’ होतं. ब्रिटिश लोकगायक इवन मॅकॉलने 1957 मध्ये गायिका पेगी सीगरसाठी लिहिलेलं प्रेमगीत, मुळात सरळ, लहान, अडीचेक मिनिटांत आटोपणारं. बाईंनी त्याचं केलं पाच मिनिटांहून मोठं. ओळी वाढवल्या नाहीत, शब्दांमधलं अंतर वाढवलं. सुरुवातीला गिटार, बास, आणि पियानो असून नसल्यासारखा. आवाज येतो तोही कुजबुजल्यासारखा, आणि ‘फर्स्ट’ एवढ्याशा शब्दावर त्या इतक्या निवांत उभ्या राहतात की पुढचा शब्द येणार आहे की नाही अशी शंका यावी. आपल्याकडे विलंबित ख्यालात समेची वाट बघताना जे पोटात होतं, तेच. फक्त इथे तबला नाही, ठेका नाही, मात्रा मोजायला काही नाही. आणि तरी लय कुठेही सांडत नाही.

क्लिंट ईस्टवुडने हे गाणं गाडीतल्या रेडिओवर ऐकलं. तो तेव्हा पहिलाच चित्रपट दिग्दर्शित करत होता, 1971 चा ‘प्ले मिस्टी फॉर मी’. त्याने बाईंना घरी फोन करून गाणं मागितलं. मोबदला ठरला दोन हजार डॉलर. आणि बाई काय म्हणाल्या? मला ते परत ध्वनिमुद्रित करायचंय, फार संथ झालंय ते. तो म्हणाला, नाही, झालेलं नाही.

हा प्रसंग मी किती जणांना सांगितला असेन! ज्या संथपणासाठी मी या बाईंच्या पायाशी बसले, त्याबद्दल त्यांच्याच मनात धाकधूक होती. म्हणजे घाईचा किडा त्यांनाही चावत होता. फक्त स्टुडिओत माइकसमोर बसल्यावर त्यांनी त्याला आत येऊ दिलं नाही.

चित्रपट आला, लोक गाण्याची चौकशी करू लागले, मग 1972 मध्ये कंपनीने ते स्वतंत्र काढलं. सहा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्कृष्ट रेकॉर्डचं ग्रॅमी. त्याच्या पुढच्या वर्षी, 1974 मध्ये, तेच ग्रॅमी पुन्हा, ‘किलिंग मी सॉफ्टली विथ हिज साँग’साठी. लागोपाठ दोन वर्षं हा मान आधी कुणालाच मिळाला नव्हता.

‘किलिंग मी सॉफ्टली’ची गोष्ट विमानातली. लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाताना विमानातल्या संगीतात लोरी लीबरमन या तरुण गायिकेचं हे गाणं बाईंच्या कानावर पडलं. हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि तिथेच कागदावर सूर उतरवून घेतले. हॉवर्डचं शिक्षण वाया गेलं असं कोण म्हणेल?

मूळ गाण्यात त्यांनी कॉर्ड बदलले आणि शेवट मेजर कॉर्डवर केला. हे आपल्या भाषेत सांगते. सबंध गाणं कोमल गंधाराच्या सावलीत चालतं. कुणीतरी परका माणूस आपलीच पत्रं मोठ्याने वाचल्यासारखं आपलं दुःख गातोय, असं गाण्यातली स्त्री सांगते. आणि अगदी शेवटी तो गंधार शुद्ध होतो. एक पट्टी. युरोपात ही युक्ती शेकडो वर्षं जुनी आहे, बाखच्या रचनांत जागोजागी सापडते. शोपँ-बाखच्या व्यासपीठावर ज्या मुलीला जागा नाकारली, तिने ते ज्ञान असं रेडिओवरून घरोघर पोचवलं. पेटीवर हा शेवट वाजवून बघा. उजेड नाही येत, पण खिडकी कुठे आहे ते कळतं.

1974 मध्ये ‘फील लाइक मेकिन लव्ह’ही पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या नावाच्या अल्बमची निर्मिती त्यांनी स्वतः केली, पण ‘रुबिना फ्लेक’ या टोपणनावाने. हे मला फार आवडतं. खरं नाव इतकं गाजलेलं असताना बाई आपल्याच रेकॉर्डवर वेषांतर करून बसल्या.

डॉनी हॅथवेबद्दल लिहायचं टाळत होते. तोही हॉवर्डचा, तोही गायक-पियानोवादक. 1972 चा दोघांचा अल्बम ऐका. ‘व्हेअर इज द लव्ह’मध्ये दोन आवाज एकमेकांना ढकलत नाहीत, एकमेकांसाठी दार उघडून धरतात. पण डॉनी गंभीर मानसिक आजाराशी झगडत होता. मधली काही वर्षं साथ सुटली, मग 1978 मध्ये ‘द क्लोजर आय गेट टू यू’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. दुसरा युगुलगीतांचा अल्बम सुरू झाला. 13 जानेवारी 1979 ला, काम चालू असतानाच्या त्या दिवसांत, न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरून पडून तो गेला. वय तेहेतीस. झाली होती तेवढी दोन गाणी घेऊन बाईंनी 1980 मध्ये अल्बम पूर्ण केला. ती गाणी आनंदी आहेत. मला ती सलग ऐकवत नाहीत.

त्यानंतरचं आयुष्य मी भराभर सांगते. माझी जुनी खोड. गायक पीबो ब्रायसनबरोबरची युगुलगीतं, 1996 मध्ये ‘फ्यूजीस’ या हिप-हॉप गटाने ‘किलिंग मी सॉफ्टली’ नव्या पिढीच्या तोंडी घातलं, ब्राँक्समधल्या मुलांसाठी बाईंच्या नावाचा संगीतवर्ग, 2020 मध्ये जीवनगौरव ग्रॅमी.

नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झालं की त्यांना एएलएस आहे. नसांचा हा आजार हळूहळू एकेक स्नायू काढून घेतो. गाणं अशक्य झालं होतं. लगेच पुढच्या जानेवारीत त्यांनी, एका सहलेखिकेबरोबर लिहिलेलं, लहान मुलांचं पुस्तक आलं. विषय: वडिलांनी भंगारातून आणलेला तो हिरवा पियानो. 24 फेब्रुवारी 2025 ला त्या गेल्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होऊन.

काल दुपारी पेटी काढली. ‘किलिंग मी सॉफ्टली’चा शेवट बसवायचाय. पियानोचा स्वर आपोआप विरतो, पेटीचा विरत नाही. भाता चालू आहे तोवर तो तसाच उभा, त्यामुळे शांतता हवी असेल तर बोट आपणच उचलावं लागतं. कोमल गंधार धरला. मनात चार मोजायचे ठरवले होते, अडीचलाच शुद्धवर गेले. पुन्हा धरला. तीन. बाहेर कुकरची शिट्टी झाली तरी उठले नाही.

साडेतीनपर्यंत आलेय.