समोरची काच बदलताना

पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि समोरच्या काचेवर वाटाण्याएवढा टवका उडाला. लगेच गेलो असतो तर रेझिन भरून काम भागलं असतं. मी आठवडा घालवला. मग एका गारठ्याच्या सकाळी आतून हीटर लावला आणि त्या टवक्यातून निघालेली चीर माझ्या डोळ्यांदेखत स्टिअरिंगसमोरून काठापर्यंत गेली. अशी चीर भरून उपयोग नसतो, काच बदलावीच लागते.

ही काच म्हणजे काचेचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. म्हणून ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. पण मला धास्ती होती ती बसवण्याची. याच गाडीची काच दोन वर्षांपूर्वी एकदा बदलली होती आणि त्यानंतर प्रत्येक पावसात डाव्या बाजूचा गालिचा ओला व्हायचा. तेव्हा काम अर्ध्या तासात उरकून गाडी माझ्या हातात दिली होती, आणि मीही घाईतच होतो.

या वेळी पूर्ण वेळ शेजारी उभा राहिलो. मिस्त्रींनी आधी वायपर, काचेखालचं प्लास्टिकचं झाकण आणि बाजूच्या पट्ट्या उतरवल्या, डॅशबोर्डवर जाड कापड टाकलं. मग चष्मा आणि हातमोजे घालून काच चिकटवणाऱ्या जुन्या गोंदाच्या, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, थरातून बारीक तार ओवली आणि दोन टोकांना दोघांनी धरून करवतीसारखी ओढत काच चौकटीपासून सोडवली. पात्यापेक्षा तारेने रंगावर ओरखडे कमी पडतात, म्हणाले.

काच उचलली आणि ओल्या गालिच्याचं कारण समोर आलं. डाव्या कोपऱ्यात वीतभर गंज होता. आधीच्या वेळी पात्याने रंग खरवडला गेला होता, त्यावर प्राइमर न लावताच गोंद ओढला होता. गंजावर गोंद धरत नाही. तो गंजाला चिकटतो आणि गंज पत्र्यापासून सुटतो. मिस्त्रींनी तेवढा भाग चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासला, प्राइमर लावला आणि तो सुकेपर्यंत कशालाही हात लावला नाही. पत्र्याला भोक पडलं असतं तर आधी वेल्डिंग करावं लागलं असतं, एवढ्यावर निभावलं.

बाकीच्या चौकटीवर जुन्या गोंदाचा एक-दोन मिलिमीटरचा थर त्यांनी मुद्दाम ठेवला. मी विचारलं, "हा पूर्ण का काढत नाही?"

"ताज्या कापलेल्या जुन्या थरावर नवा सगळ्यात घट्ट बसतो, साहेब. फक्त तिथे बोट लावू नका, हाताचं तेल लागतं."

नवी काच आधी कोरडीच ठेवून पाहिली, चिकटपट्टीने खुणा केल्या. काठाची काळी पट्टी साफ करून प्राइमर फिरवला. ती पट्टी शोभेची नाही, उन्हापासून गोंदाला वाचवते. मग त्रिकोणी धार असलेला गोंदाचा सलग पट्टा चौकटभर ओढला आणि सक्शन कपांनी काच धरून खुणांवर अलगद टेकवली. इथे रेंगाळून चालत नाही, पट्ट्यावर साय धरायच्या आत काच बसली पाहिजे.

आणि त्यानंतर थांबणं. हा गोंद हवेतली आर्द्रता घेऊन घट्ट होतो, त्यामुळे कोरड्या थंडीत जास्त वेळ लागतो. किती वेळाने गाडी हलवायची ते गोंदाच्या नळीवरच्या सूचनेत लिहिलेलं असतं, ते मी स्वतः वाचून घेतलं. बऱ्याच गाड्यांत प्रवाशाची एअरबॅग उघडताना समोरच्या काचेचाच आधार घेते आणि गाडी उलटली तर छताचा काही भारही काचेवर येतो. कच्च्या गोंदावर ती काच जागेवर राहीलच असं नाही. हे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मुलं तेव्हा त्याच गाडीतून घरी आली होती.

गाडी तिथेच ठेवली. एक खिडकी बोटभर उघडी सोडली, कारण सगळं बंद असताना दार आपटलं तर आतल्या हवेचा दाब ताज्या जोडावर येतो. दुसऱ्या दिवशी चिकटपट्ट्या काढल्या आणि आरशामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घेतलं. नवी काच लागली की त्याची नजर किंचित सरकलेली असू शकते आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्याच्याच भरवशावर चालते.

शेवटी वरून पाण्याची नळी सोडली, जोर न लावता, कोपऱ्याकोपऱ्यावर दहा मिनिटं. मी आत बसून डावीकडचा गालिचा चाचपत होतो. कोरडा होता.