सरासरी वेग काढताना वेगांची सरासरी काढू नका

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण ९५ किलोमीटरचा. समजा, बोरघाटातले १५ किमी ताशी ५० ने गेलात आणि उरलेले ८० किमी ताशी १०० ने. सरासरी वेग किती?

पुष्कळजण १०० आणि ५० ची बेरीज करून दोनाने भागतात आणि ७५ सांगतात. इथे १५ किमीच्या घाटाला ८० किमीच्या सपाटीइतकंच वजन मिळतं. काहीजण अंतराच्या प्रमाणात वजन देतात, त्यांना ९२ मिळतात. हे जास्त फसवं, कारण दिसायला ते अगदी रीतसर वाटतं. पण वजन अंतराला नाही, वेळेला द्यायचं असतं.

म्हणून प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी काढा. ८० ÷ १०० = ०.८ तास, म्हणजे ४८ मिनिटं. १५ ÷ ५० = ०.३ तास, म्हणजे १८ मिनिटं. एकूण १.१ तास. ९५ ÷ १.१ = ताशी ८६.४ किमी.

आता घाटात कोंडी झाली आणि तिथला वेग १५ वर आला, तर तेवढ्याच १५ किमीला तास लागतो. एकूण १०८ मिनिटं, सरासरी ५२.८. ही कसर सपाटीवर १२० ने पळवून भरून काढू म्हणाल, तर वाचतात फक्त ८ मिनिटं आणि सरासरी जाते जेमतेम ५७ वर. त्यासाठी वेगमर्यादा मोडणं मला अजिबात पटत नाही. शिवाय जिथे दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, तिथे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून सुटका नाही. मर्यादा १०० आणि कॅमेऱ्यांमधलं अंतर २० किमी असेल, तर १२ मिनिटांच्या आत पोचलात की मर्यादा मोडलीच.

दोन्ही टप्पे सारख्या अंतराचे असतील तर सोपं सूत्र आहे: दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले त्यांची बेरीज. अर्धं अंतर ४० ने, अर्धं ६० ने: ४८००÷१०० = ४८. दोन्ही वेगांनी सारखा वेळ चालवलंत तरच साधी सरासरी, ५०, बरोबर येते.

कॅल्क्युलेटरवर बहुतेक चुका मिनिटांत होतात. १ तास २० मिनिटं म्हणजे १.२० नव्हे, १.३३ तास, मिनिटांना ६० ने भागून घ्या. आणि चहाचा थांबा धरायचा की नाही, हे आधीच ठरवा. वरच्या ६६ मिनिटांत २० मिनिटांचा थांबा मिळवला की ८६.४ चे थेट ६६.३ होतात.